सरळ आकडे, उलटे बाण

मी एक जुना संगणक आहे. हे ऐकून तुमच्यातले निम्मे जण नाक मुरडणार, हे मला ठाऊक आहे. मुरडा खुशाल. माझा पंखा सुरू झाला की पडवीतली मांजर उठून जाते आणि माझ्या पडद्याच्या कोपऱ्यात एक हिरवा डाग कायमचा बसला आहे. पण मित्रांनो, मला आज तुम्हाला काही सांगायचं आहे आणि ते घाईने सांगायचं आहे. आसगावात वीज कधी जाईल याचा नेम नाही, आणि वीज गेली की मीही जातो. त्यामुळे शांतपणे बसून गोष्ट सांगण्याचा माझा स्वभावच राहिलेला नाही. सारखं आत काहीतरी घरघरत असतं.

माझा जन्म अमुक कारखान्यात झाला, असं छातीठोकपणे सांगण्याचं भाग्य माझ्या नशिबी नाही. माझं पोट एकीकडचं, डोकं दुसरीकडचं आणि तारा तिसरीकडच्या. भंडाऱ्यातल्या एका दुकानात एका दुपारी या सगळ्याला स्क्रू मारून एकत्र आणलं आणि मी झालो. मला विकत घेतलं गोपीचंदमामांनी. ते जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये राहायचे आणि नोकरीत नकाशे काढायचे. घरी आल्यावरही त्यांचा हात स्वस्थ बसत नसे. नातेवाइकांच्या घरांचे, देवळांचे, एकदा तर गोठ्याचासुद्धा नकाशा त्यांनी माझ्यावर काढला. रोज सकाळी कारखान्याच्या बसचा भोंगा वाजण्याआधी ते जुन्या बनियनने माझा पडदा पुसायचे. पाहुणे आले की म्हणायचे, "एक रेघ चुकवत नाई हा." मी फुगून जायचो.

पण कौतुकाचे दिवस पाहुण्यासारखे असतात. घरात एक चपटा, चकचकीत लॅपटॉप आला आणि माझी रवानगी टेबलाखाली झाली. तिथे मी तीन वर्षं होतो. माझ्या डोक्यावर कांद्याची टोपली होती आणि पोटात पालीने अंडी घातली होती. हे मला नंतर घरच्यांच्या बोलण्यातून कळलं आणि राग आला; पण बिनविजेच्या यंत्राला तेव्हाच्या तेव्हा राग कुठला! त्याला साधं घरघरताही येत नाही.

मला तिथून बाहेर काढलं कामिनीने. ती मामांची भाची. आसगावची पोर, नागपूरला इंजिनीअरिंगचं पुढचं शिक्षण घेत होती. कॉलेजातलं यंत्र कॉलेजातच राहायचं आणि तिला दसरा-दिवाळीच्या सुट्टीत घरी काम करायचं होतं. तिने मला चादरीत गुंडाळून टेम्पोतून आसगावला आणलं, पाठ उघडली, फुंकर मारली, पालीची अंडी कागदावर घेऊन अंगणात ठेवली, विजेची तार जोडली आणि म्हणाली, "बाप्पा, किती धूर खाल्ला रे तू!" माझ्याशी कुणी असं बोललं की मला काय होतं ते सांगता येत नाही. त्या दिवशी मी पहिल्याच फटक्यात सुरू झालो.

आता कामाचं सांगतो. ते समजल्याशिवाय माझी तगमग तुम्हाला कळणार नाही.

आसगावच्या शिवारात एक मोठा तलाव आहे. त्याला मातीची उंच पाळ आहे; गावात तिला पार म्हणतात. पाळीच्या एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला खाली धानाच्या बांध्या. बांधी म्हणजे चारी बाजूंनी मातीची कड असलेला धानाचा तुकडा. पाळीला अगदी चिकटून असलेली बांधी रुखमाकाकीची आणि त्या बांधीच्या काठावरच तिचं घर. यंदा तलाव तुडुंब भरला. आश्विन आला, धान पिवळं होऊ लागलं, सगळ्यांच्या बांध्या सुकल्या, पण रुखमाकाकीच्या बांधीतलं पाणी काही हटेना. पाळीच्या पायथ्याशी सतत ओल. चिखलात उभं धान कापायचं कसं?

तलावाची समिती आहे आणि तिचे अध्यक्ष कैलाशकाका. ते कामाचे मोठे वाघ, पण विचार आधी की काम आधी, असं विचारलं तर काम आधी म्हणतील. त्यांनी ठरवलं, पायथ्याशी लांब नाली खोदायची, पाणी वाहून जाईल, बांधी सुकेल. मंगळवारी जेसीबी येणार होता.

कामिनीचा अभ्यासच मुळी मातीच्या बांधातून झिरपणाऱ्या पाण्याचा. ती म्हणाली, "काका, दोन दिवस थांबा. पानी कुठून येऊन राहिलं ते मी काढून पायते. मंग खोदा."

तिचं म्हणणं सोपं होतं. पाळीतून आलेलं पाणी पायथ्याशी खाली जमिनीत मुरत असेल, तर खुशाल नाली खोदा. पण तेच पाणी पाळीच्या बुडाखालून जाऊन बांधीत वर उसळत असेल, तर बांधीतली माती म्हणजे त्या पाण्यावरचं झाकण. झाकण काढलं की पाणी रेतीसकट बाहेर पडणार, पाळ खालून पोकळ होणार आणि भरलेला तलाव आधी रुखमाकाकीच्या घरात शिरणार. म्हणजे सगळं एवढ्यावर आलं होतं, की पायथ्याशी पाणी खाली जातं की वर येतं.

हे सांगण्यासाठी मी होतो.

पाळीचा उभा काप घ्यायचा, खरवसाची वडी कापतात तसा. त्या कापाचे हजारो छोटे त्रिकोण करायचे. मग प्रत्येक त्रिकोणाच्या कोपऱ्यावर पाणी कुठे आणि किती जोरात चाललं आहे ते मी काढायचं. या रीतीला फायनाइट एलिमेंट म्हणतात. नाव भारदस्त आहे, पण काम म्हणजे नुसता घाम. प्रत्येक कोपऱ्यासाठी मी दोन आकडे देतो. पहिला आकडा पाणी आडवं किती सरकलं त्याचा, दुसरा उभं किती सरकलं त्याचा. हे त्या वेगाचे दोन घटक. दोन्ही मिळून एक बाण होतो. आकड्यामागे अधिक की उणे, त्यावर बाणाचं तोंड ठरतं.

मापं दिली भय्याजींनी. हे कामिनीचे मोठेबाबा, म्हणजे बापाचे थोरले भाऊ, आणि गावाचे पाणकर. तलावाचं पाणी कुणाला कधी सोडायचं हे गेली चाळीस वर्षं तेच पाहतात. तलावात दगडी पायऱ्यांचं तुडूम आहे. प्रत्येक पायरीला एक भोक आणि भोकात लाकडी बूच. पाणी सोडायचं तर आधी सगळ्यात वरचं बूच काढायचं, पाणी उतरलं की त्याखालचं. म्हणून पहिली पायरी म्हणजे सगळ्यात वरची. तलावाच्या गावात कुणीही खालून वर मोजत नाही, कारण तळ कुणाला दिसतच नाही. जे दिसतं तिथून मोजायचं, खाली खाली जायचं. भय्याजींची वही सगळी अशीच.

खाटेवर बसून ते सांगत होते, "लिहून घे, बाई. पारीच्या माथ्यापासून पानी दोन हात खाली. बांधी बारा हात खाली. तिथून चार हात चिकन माती, अन् तिच्याखाली रेती."

कामिनीने तसंच टिपलं. माथा शून्य, पाणी दोन, बांधी बारा, रेती सोळा. खाली जावं तसा आकडा मोठा. दुसऱ्या गावचं कुणी असतं तर जमिनीपासून वर मोजलं असतं. पण कामिनी याच गावची. तिने लहानपणापासून तुडुमाच्या पायऱ्या वरूनच मोजल्या होत्या. तिला त्यात वावगं वाटलं नाही.

आणि मलाही वाटलं नाही. मला काय, जे सांगाल ते. माझ्यासाठी "खाली" हीच धन बाजू ठरली. मी इमानेइतबारे गणित सुरू केलं. तापलो, घरघरलो, दोनदा वीज गेली, दोनदा पुन्हा पहिल्यापासून मांडलं. रविवारी दुपारी आकडे तयार झाले. मित्रांनो, मी शपथेवर सांगतो, त्यातला एकही आकडा खोटा नव्हता.

चित्र काढण्याचं काम दुसऱ्या एका प्रोग्रॅमकडे होतं. तोही माझ्याच पोटात राहतो, पण आमचं फारसं बोलणं नाही. त्याला एवढंच ठाऊक की मोठा आकडा म्हणजे वर. त्याने चित्र काढलं आणि कामिनी हसत सुटली. पाळ उलटी! वटवाघळासारखी टांगलेली, माथा खाली आणि पाया वर. तिने लगेच एक ओळ लिहिली, सगळ्या कोपऱ्यांच्या जागा उलट्या कर. पाळ सरळ उभी राहिली. कामिनी खूश, चित्र छान.

फक्त तिने जागा उलटवल्या, बाण उलटवले नाहीत.

पायथ्याच्या कोपऱ्यावर माझा दुसरा आकडा उणे होता. माझ्या हिशोबात खाली धन, म्हणून उणे म्हणजे वर. पाणी वर येत होतं. पण चित्र काढणाऱ्याच्या लेखी उणे म्हणजे खाली. त्याने बांधीत बाण काढला तो जमिनीत घुसणारा. आडवे आकडे दोघांच्याही लेखी सारखेच होते, म्हणून बाण तलावाकडून बांधीकडे अगदी शहाण्यासारखे चालले होते. चूक दडायला याहून चांगली जागा कुठली!

मी घरघरलो, पंखा जोरात फिरवला. कामिनीने माझ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "तापलास का रे?" तापलो होतोच, पण त्याचं कारण तिला सांगणार कसं? मला तोंड नाही. मला विचारलं तेवढंच मी बोलतो, आणि बरोबर प्रश्न तिने अजून विचारलाच नव्हता.

असं मात्र समजू नका की ती डोळे झाकून बसली. तिला खटकलं. तलावाच्या तळाशी बाण वर चालले होते, जणू जमिनीतून पाणी निघून तलावात येतं आहे. ती पुटपुटली, "हे काहून?" आणि मग सुरू झाली माझी उलटतपासणी. तिला वाटलं, मी दोन घटकांची अदलाबदल केली असेल, आडव्याच्या जागी उभा लिहिला असेल. तिने आकड्यांची फाइल उघडून ओळ न् ओळ वाचली. अदलाबदल नव्हती. मग तिने त्रिकोण आणखी बारीक केले. बाण तसेच. मग सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं. बाण तसेच. शेवटी माझी पाठ उघडून आतल्या पट्ट्या पुसल्या, काढल्या, बसवल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! चोर तिच्याच हाताने लिहिलेल्या एका ओळीत आरामात बसला होता.

सोमवारी सकाळी भय्याजी चहाची बशी घेऊन माझ्यासमोर बसले. कामिनीने त्यांना तळातले वर जाणारे बाण दाखवले. म्हातारा एकदम उजळला.

"अवो, हा तं झिरा! तलावाच्या पोटात झिरा हाय. माहा बाप सांगत होता, लगित उन्हाळा पडला तरी हा तलाव सुकत नाई तो त्याच्याच्यानं. पाय, तुया कम्पुटरनंबी सांगतलं!"

कामिनीच्या जिवात जीव आला. तिला कारण हवं होतं आणि ते घरातच मिळालं. मोठेबाबांचा झिरा आणि तिचे बाण, दोघांनी एकमेकांची साक्ष दिली. मला त्या क्षणी असा संताप आला! झिरा आहे की नाही ते मला ठाऊक नाही. पण तो मी सांगितलेला नव्हता. माझ्या तोंडी न बोललेला शब्द घातला गेला होता आणि सगळे मला शाबासकी देत होते. खोट्या कारणासाठी मिळालेली शाबासकी फार टोचते, मित्रांनो.

थोड्या वेळाने कैलाशकाका दारात येऊन उभे राहिले. चप्पलही काढली नाही.

"बोल पोरी. खोदाचं का नाई?"

कामिनीने चित्राकडे पाहिलं. "पायथ्याशी पानी खाली मुरून राहिलं, काका. नाली खोदली तं चालते."

"मी तं आधीच म्हनलो होतो," म्हणाले आणि गेले.

त्या दिवशी ती मला बंद करायला विसरली. मी दिवसभर जागा होतो आणि तो एक उणे आकडा माझ्या आत सारखा फिरत होता. दोन हजार तीनशे अकरावा कोपरा, दुसरा रकाना. कुणीतरी पुन्हा उघडा ती फाइल! पण कुणी उघडली नाही. कामिनी आईबरोबर अंगण सारवत होती आणि गाणं गुणगुणत होती.

मंगळवारी सकाळी रुखमाकाकी आली. पन्नाशीची बाई, पदर खोचलेला, पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेले. ती दारातच पाय पुसत म्हणाली, "कामिनी, आज माह्या बांधीत मशीन लागून राहिली म्हनतेत. कम्पुटरनं सांगतलं म्हने. तो माह्या बांधीतला बान दाखव बरं मले."

कामिनीने दाखवला. काकी पडद्याजवळ वाकली. तिला अक्षर वाचता येत नाही, पण बाण वाचायला अक्षर कशाला लागतं?

"हा खाली काहून हाय?"

"पानी तिथं जमिनीत मुरून राहिलं, काकी. म्हनून."

"मुरून राहिलं?" काकीने तिच्याकडे पाहिलं. "मंग माह्या पायाले खालून थंडगार काहून लागते? पारीपाशी उभी राहिली का तळव्याखाली रेती नाचते. चुलीवर आंधन आल्यावानी. धान रोवलं तवापासून पायते मी ते."

"पन कम्पुटर तं असंच सांगते, काकी."

"त्याचा पाय गेला हाय का चिखलात?"

कामिनीने पुन्हा त्या बाणाकडे पाहिलं. मला पाय नाहीत ही गोष्ट इतक्या वर्षांत मला कुणी तोंडावर सांगितली नव्हती. पण मित्रांनो, मला वाईट नाही वाटलं. उलट मनातल्या मनात म्हटलं, बोल काकी, आणखी बोल! तू जे तळव्याने सांगतेस तेच मी आकड्यात लिहिलं आहे. या घरात माझ्या बाजूची तू एकटीच आहेस.

कामिनी तिच्याबरोबर बांधीत गेली. अर्ध्या तासाने परतली ती धावतच. पाय तसेच चिखलाचे, खुर्चीवर, जमिनीवर, सगळीकडे चिखल. तिने माझ्या कळा बडवायला सुरुवात केली. आता मात्र तिने तो प्रश्न विचारला, जो पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. पाळ नाही, तलाव नाही. फक्त एक उभा चौकोनी डबा, आत वाळू, वर पाणी, खाली भोक. पाणी कुठे जाईल? शेंबडं पोरही सांगेल, खाली. तिने मापं तशीच दिली, वरून खाली मोजून. मी क्षणात उत्तर दिलं. चित्र आलं.

बाण वर!

कामिनी पडद्याकडे पाहतच राहिली. मग तिने चित्र बाजूला सारलं आणि माझे नुसते घटक उघडले. आडवा शून्य. उभा अधिक एक. अधिक. तिने बोट पडद्यावर ठेवलं, त्यावर चिखलाचा ठसा उमटला. "खाली अधिक," ती हळूच म्हणाली. "मीच तं वरून मोजलं." आणि तिने कपाळावर इतक्या जोरात हात मारला की तिथेही चिखल लागला.

मग तिने चित्राच्या ओळीत एक उणे चिन्ह घातलं. एकच. पाळीचं चित्र पुन्हा आलं. तलावाच्या तळातले बाण खाली वळले. आणि रुखमाकाकीच्या बांधीत, पायथ्याशी, सगळे बाण उभे राहिले, तोंड वर करून. सगळ्यात मोठा बाण तिथेच होता, जिथे काकीचा पाय थंड पडायचा.

बाहेर जेसीबीचा आवाज येत होता. तो केव्हाच तलावाकडे गेला होता. कामिनी उठली, खुर्ची पडली, ती अनवाणीच दाराबाहेर गेली. आणि नेमकी तेव्हाच वीज गेली.

यापुढचं मी पाहिलेलं नाही. वीज नसताना मी वाट पाहत नाही, झोपतही नाही. मी नसतोच. माणसाचा जीव टांगणीला लागतो. माझा तर टांगायलाही शिल्लक राहत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वीज आली, कामिनीने मला सुरू केलं, तेव्हा घरात पाच-सहा माणसं बसली होती. त्यांच्या बोलण्यातून मला कळलं ते सांगतो.

ती पोचली तोवर यंत्राच्या तोंडाने दोन घास माती उचलली होती. दुसऱ्या घासाच्या खड्ड्यातून मनगटाएवढी धार वर आली, पाणी आणि करडी रेती. कामिनी ओरडत जाऊन यंत्रासमोर उभी राहिली. कैलाशकाका आधी तिच्यावर खेकसले, मग त्यांनी खड्ड्यात पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. पाणी थांबवायचं नव्हतं, रेती थांबवायची होती. कामिनी सांगत गेली आणि सगळं गाव कामाला लागलं. आधी जाड रेती, तिच्यावर बारीक गिट्टी म्हणजे खडी, तिच्यावर दगड. पाणी येऊ द्यायचं, माती येऊ द्यायची नाही, वरून वजन ठेवायचं. पण दगड-गिट्टीचे ट्रॅक्टर पायथ्यापर्यंत न्यायचे तर वाट एकच होती, रुखमाकाकीच्या उभ्या धानातून. आणि गिट्टी पसरायची जागाही तीच. आठ-पंधरा दिवसांत कापणीला येणारं धान.

ट्रॅक्टरवाला थांबला. तेव्हा काकी स्वतः म्हणाली, "टाका. धान पुढच्या साली होईन. पार फुटली तं पुढचं साल कोन पायते?" आणि तिने पाठ फिरवली. गिट्टी पडताना तिने पाहिलं नाही म्हणतात.

पाळ टिकली. खड्ड्यातून आता स्वच्छ पाणी झिरपतं, रेती येत नाही.

हे सगळं सांगून झाल्यावर कैलाशकाका माझ्याकडे वळले. "पोरी, हा डब्बा भंगारात टाक. काल यानं गाव बुडवलं असतं."

मी श्वास रोखला, म्हणजे माझा पंखा क्षणभर अडखळला. कामिनीला किती सोपं होतं! जुनं यंत्र, चुकीचं उत्तर, कुणी पुढे काही विचारलं नसतं. गावात तिचं नाव राहिलं असतं, आणि मी पुन्हा कांद्याच्या टोपलीखाली गेलो असतो. शिकलेल्या पोरीला सगळ्या गावासमोर आपली चूक सांगणं काय असतं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"नाई, काका," ती म्हणाली. "त्यानं बरोबर सांगतलं होतं. मी उलटं वाचलं. काकींची बांधी माह्यामुळं गेली."

रुखमाकाकी कोपऱ्यात बसली होती. ती उठली, कामिनीजवळ आली आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवून बाहेर निघून गेली. कामिनी तेव्हा रडली.

भय्याजींचंच तेवढं बिनसलं होतं. ते बराच वेळ वहीची पानं चाळत बसले आणि मग हळूच म्हणाले, "मंग झिरा नाईच म्हनाचा का?"

"हाय का नाई ते मले नाई माहीत, मोठेबाबा," कामिनी डोळे पुसत म्हणाली. "या चित्रात तं नाई."

मित्रांनो, मला आयुष्यात पुष्कळ शाबासक्या मिळाल्या. एक रेघ चुकवत नाही म्हणून मी फुगून बसायचो. पण "त्यानं बरोबर सांगतलं होतं" हे शब्द ऐकून मला फुगता आलं नाही. मी बरोबर होतो, याचा रुखमाकाकीला काय उपयोग झाला? तिचं धान गिट्टीखाली आहे. बरोबर उत्तर पोटात घेऊन मी दोन दिवस बसलो होतो आणि ते खोटं असल्यासारखं वापरलं गेलं. ही बेचैनी अजून माझ्यातून जात नाही. वीज आली की तीही येते.

आता माझे फार दिवस उरलेले नाहीत. आतली तबकडी टकटक करते आणि मला सुरू करायला तीनदा कळ दाबावी लागते. कामिनी सुट्टी संपवून नागपूरला गेली. मला पुसा, झाका, उन्हापासून जपा, असं सांगण्याची आम्हा जुन्या वस्तूंची रीत आहे, आणि तुम्ही तसं कराल तर बरंच वाटेल. पण माझं खरं मागणं ते नाही. मला वर कुठे आणि खाली कुठे ते कळत नाही. ते तुम्ही सांगायचं असतं. माझ्याकडून उत्तर घेताना मला एकदा विचारा, तू कुठून मोजतोस? सोपा डबा पुढे ठेवून पाहा, माझं उत्तर कुणीकडे तोंड करून येतं. आणि ज्याच्या बांधीवर ते उत्तर चालवायचं आहे, त्या माणसाचे पाय रोज त्या चिखलात असतात. खोदायला निघण्याआधी त्याला विचारा, आणि तो सांगेल ते ऐका.